एक कोटीचा राग

सिहोरा, ता. तुमसर
३ फेब्रुवारी २०२५

चि. तृप्तीस,

भाचीला आशीर्वाद द्यायचा नसतो, तिच्या पाया पडायचं असतं, हा आपल्याकडचा रिवाज. म्हणून आधी तुझ्या पायावर डोकं ठेवतो आणि मग तुला कामाला लावतो.

फोन का केला नाही, असं विचारशील. या घरात फोन स्पीकरवरच असतो. मी हॅलो म्हटलं की उत्तर तुझी मामी देते आणि निम्मी आळी हुंकार भरते. एकतीस वर्षं मी टपाल वाटलं, माझ्या पिशवीतलं एक पाकीट कधी वाटेत फुटलं नाही. निवृत्त झालो म्हणून ती सवय सोडायची का?

माझ्या मनिषचं लग्न ठरलं. मुलगी सानगडीची, नाव चंदा, दवाखान्यात नर्स आहे आणि माझ्यापेक्षा तोंडाळ आहे, म्हणजे घर चालवेल. अकरा मेला सकाळी वरात निघेल. गाड्या चार, एकेकीत बारा जागा, माणसं चव्वेचाळीस. कोण कोणत्या गाडीत बसेल ते तुझ्या यंत्राने ठरवायचं. तुझी आई उषा सांगत होती की ट्रकात कोणता माल कुठे भरायचा हे तू पुण्यात यंत्राकडून काढून घेतेस. माझा माल बोलतो आणि रुसतो, एवढाच फरक.

कारण तुला ठाऊक आहे. नऊ वर्षांपूर्वी कैलाशच्या सूरजची वरात आंबागडला निघाली आणि मला गावातच टाकून गाड्या गेल्या. सख्ख्या मोठ्या भावाला. तेव्हापासून माझं कैलाशशी बोलणं बंद आहे. तो तुझाही मामाच आहे, पण कामात नातं आणू नकोस.

अटी लिहून घे. मी ज्या गाडीत, तिच्यात कैलाश नको. कैलाशच नव्हे, त्याच्या घरच्या सहापैकी कोणीच नको. त्याची बायको सुशीलाबाई बसली तर तिची सून उर्वशी त्याच गाडीत पाहिजे, कारण सुशीलाला गाडी लागते आणि पिशवी धरायला कोणी लागतं. उर्वशी मात्र सासूशिवाय आनंदाने बसेल. प्रत्येक गाडीत एक तरी न पिणारा पुरुष हवा. असे आपल्यात सहा आहेत, मला धरून. एका घरची माणसं होईल तितकी एकत्र ठेव. बाकीच्या अटी मागच्या पानावर आहेत.

आई यायची नाही. ब्याऐंशी वर्षं, त्यात गुडघे. तिला धरू नकोस.

शेवटची गोष्ट. यादी यंत्रातून निघाली की न वाचता पाकिटात घाल आणि चिकटव. मी ती सगळ्यांसमोर फोडीन. जे लिहिलं असेल ते सगळ्यात आधी मी पाळीन, असा शब्द मी ग्रामपंचायतीसमोर चार माणसांत दिला आहे. यावेळी कोणी कोणाला विसरलं असं होणे नाही.

तुझा मामा
धनीराम

पुणे
१२ फेब्रुवारी

ती. धनीराममामांना नमस्कार.

पायावर डोकं ठेवून कामाला लावणारे तुम्ही पहिलेच. आमचे साहेब नुसतेच कामाला लावतात.

मनिषदादाचं ऐकून फार आनंद झाला. आता तुमच्या मालाविषयी. आमचं यंत्र अतिशय हुशार आणि अतिशय मठ्ठ आहे. लाखो शक्यता घटकेत चाळतं, पण त्याला ‘किंवा’ कळत नाही, ‘जर-तर’ कळत नाही, आणि रुसवा तर नाहीच नाही. त्याला फक्त बेरीज कळते, आणि अमुक बेरीज तमुक आकड्याच्या वर जाऊ नये किंवा खाली येऊ नये, एवढं कळतं. माणसांच्या अटींना बेरजेचे कपडे चढवायचे, हाच माझा धंदा.

प्रत्येक माणसाला प्रत्येक गाडीसाठी एक आकडा द्यायचा. बसला तर एक, नाही बसला तर शून्य. मग न पिणाऱ्या सहा जणांची त्या गाडीतली बेरीज निदान एक हवी, की झाली तुमची व्यसनमुक्ती. सुशीलामामीचा आकडा उर्वशीवहिनीच्या आकड्यापेक्षा मोठा होऊ द्यायचा नाही. मामीचा एक झाला की वहिनीलाही एक व्हावंच लागतं. मामी शून्य असेल तर वहिनी मोकळी. एवढ्या लहान ओळीत सासू-सून बसवलेली मी तरी दुसरीकडे पाहिली नाही.

तुमची अट जरा अवघड. ‘मी असलो तर त्यांच्यापैकी कोणी नको, मी नसलो तर कितीही चालतील.’ यासाठी एक मोठा आकडा कुंपणासारखा वापरतात. कैलाशमामांकडची त्या गाडीतली माणसं किती, तर जास्तीत जास्त सहा गुणिले (एक वजा तुम्ही). तुम्ही गाडीत असलात तर कंसात शून्य उरतं आणि सहा गुणिले शून्य शून्यच, म्हणजे कोणी नाही. तुम्ही नसलात तर सहा, म्हणजे सगळं घर बसलं तरी कुंपण आड येत नाही.

यादी वाचणार नाही, वचन देते. पण एक विचारू का? आजी मागच्या महिन्यात चालत तलावावर जाऊन आली, असं आई म्हणते. गुडघे लग्नापुरतेच दुखतात का?

तुमची
तृप्ती

सिहोरा
२० फेब्रुवारी

चि. तृप्ती,

तुझं पत्र दोनदा वाचलं. सगळं समजलं, एक सोडून. सहा?

अगं, माझा राग सहाचा? सहा म्हणजे काय, अर्धा डझन केळी. नऊ वर्षं मी एका आळीत राहून त्या माणसाच्या दारावरून मान न वळवता गेलो. त्याच्या घरची पत्रं मी पोचवायचो तीसुद्धा शिपायासारखी, हातात द्यायची आणि पाठ फिरवायची. एवढी तपश्चर्या आणि तू सहा लिहितेस. उद्या कोणी तो कागद पाहिला तर म्हणेल, धनीरामचं काय घेऊन बसलात, सहाचं तर भांडण आहे.

तिथे एक कोटी लिही. तुझ्या मामीला विचारलं तर ती म्हणाली, "लिवाले का लागते, दहा कोटी लिवा ना." पण मी मर्यादेत राहणारा माणूस आहे. एक कोटी बस.

आईच्या गुडघ्यांचं तू मनावर घेऊ नकोस. म्हातारं माणूस, तलावावर जातं आणि नंतर आठ दिवस कण्हतं.

मामा

पुणे
४ मार्च

ती. मामांना,

तो आकडा रागाचा नाही हो. सहा लिहा की कोटी, अर्थ तोच. कैलाशमामांकडे माणसंच सहा आहेत. गाय अडवायला कंबरेएवढं कुंपण पुरतं, ते ढगापर्यंत नेलं तर गाय काही जास्त अडत नाही. शिवाय आमचे साहेब म्हणतात की फार मोठे आकडे यंत्राला पचत नाहीत. पण भाचीने मामाचा मान राखायचा असतो. कोटी तर कोटी.

आता खरं बोला. परवा आईने फोनवर सांगितलं. आजीने तुम्हाला स्वच्छ सांगितलंय की, "माहे दोन्ही पोरं एका गाडीत बसतीन आन् मले मधात बसवतीन त मी येतो. नाही त तुमची वरात तुमाले मुबारक." गुडघ्यांचा यात कुठे संबंध आला?

मी न विचारता आजीला यादीत घातलं आणि तिची अटही घातली. आजी ज्या गाडीत, त्यात तुम्ही दोघं. यंत्र दोन सेकंदांत म्हणालं, उत्तर नाही. जमतच नाही. मग मी त्याला विचारलं की नेमकं कुठे अडलं. ते त्याला सांगता येतं. मामा, तुमच्या मागच्या पानासकट एकूण सदतीस अटी आहेत. दारूच्या, उलटीच्या, खिडकीच्या, सगळ्या गुण्यागोविंदाने नांदतात. भांडण फक्त दोन ओळींचं आहे. एक तुमची, एक आजीची. दोन्हींतली कोणतीही एक काढली की वरात निघते.

कोणती काढू?

तृप्ती

सिहोरा
१६ मार्च

चि. तृप्ती,

आई असं म्हणाली, हे खरं आहे. तुझ्यापासून लपवलं. लाज वाटली म्हणून लपवलं, दुसरं काही नाही.

आता लपवलंच आहे तर उरलेलंही सांगतो. त्या दिवशी मला कोणी मुद्दाम टाकलं नाही. गाड्या निघता निघता आईला आठवलं की चष्मा घरी राहिला. मी तो आणायला धावलो. परत आलो तर रस्ता रिकामा. पहिल्या गाडीला वाटलं मी दुसरीत, दुसरीला वाटलं मी तिसरीत. यात कोणाचा दोष? मी टपालाची सायकल काढली आणि मे महिन्याच्या उन्हात, नव्या सफारीत, आंबागड गाठलं. मंगलाष्टकं संपली होती. मांडवात शिरलो, आईच्या हातात चष्मा दिला, आणि कैलाश नव्या सोयऱ्यांसमोर हसून म्हणाला, "पोस्टमन होय ना आमचा भाऊ, उशिराच पोचन."

सगळा मांडव हसला. तृप्ती, एकतीस वर्षांत माझं टपाल एक दिवस उशिरा गेलं नाही. वैनगंगेला पूर असताना गेलं, तुझे आजोबा वारले त्याच्या तिसऱ्या दिवशी गेलं. कैलाशला हे सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं. म्हणून मला लागलं, आणि अजून लागतं.

माझी अट राहू दे. आईला मी समजावीन. नाही समजली तर मनिषची आजी मनिषच्या लग्नात नसेल. मी हे लिहितोय आणि मला माझंच बरं वाटत नाहीये, पण अट राहू दे.

मामा

पुणे
२ एप्रिल

ती. मामांना,

तुम्ही सांगितलं तसंच केलं. तुमची अट पक्की, एक कोटीची. आजीचं येणं ही सक्ती नाही, इच्छा. म्हणजे यंत्राला सांगितलं की तिच्या अटीसकट जमलं तर तिला बसव, नाही जमलं तर घरी ठेव. जमणार नाहीच, हे तुम्हाला आणि मला माहीत आहे.

यादी छापून आली तशी उलटी धरून पाकिटात घातली. वाचलेली नाही. वाचावीशीही वाटली नाही. मला तुमचा राग आलाय आणि तो किती आकड्यांचा आहे ते मी सांगणार नाही.

तृप्ती

सिहोरा
१३ एप्रिल

तृप्ती,

ही काय थट्टा आहे?

काल हनुमान जयंतीला देवळासमोर सगळे जमले होते. कैलाशकडचे पलीकडे, आम्ही अलीकडे. मी पाकीट सगळ्यांना उलटसुलट दाखवलं, शिक्का दाखवला, फोडलं आणि मोठ्याने वाचायला लागलो. पहिली गाडी ठीक. दुसरी ठीक. तिसरी गाडी: गोदावरीबाई (म्हणजे आई), धनीराम, सत्यभामाबाई (तुझी मामी), कैलाश, सुशीलाबाई, उर्वशी, सूरज.

मी थांबलो. आई म्हणाली, "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं. ती म्हणाली, "आजून एकदा." तिसऱ्यांदा वाचून होईपर्यंत तिने उठून घराची वाट धरली होती. घरी जाऊन पाहतो तर पेटीतून नवं लुगडं काढून उन्हात टाकलेलं. लग्नाला महिना आहे.

कैलाशने सूरजच्या हाती निरोप धाडला की यादी मान्य. मी काय बोलणार? जे निघेल ते आधी मी पाळीन, हा शब्द मीच दिलेला. पण तूसुद्धा शब्द दिला होतास की यादी वाचणार नाहीस. तू तिला हात लावलास. माझ्या घरची भाची, जिच्या मी पाया पडतो, तिने बंद पाकिटात लबाडी केली. खरं काय ते लिही.

धनीराम

पुणे
१९ एप्रिल

ती. मामांना,

मी लबाडी केली नाही. तुमचं पत्र वाचून आधी रडले, मग कार्यालयात जाऊन पहिल्यापासून सगळं तपासलं. चूक सापडली. ती तुमची आणि माझी मिळून आहे.

यंत्र एक आणि शून्य इतकं काटेकोर पाळत नाही. हिशोब करताना त्याला अगदी बारीक सूट असते, दहा लाखांत एक भाग. तेवढा फरक पडला तर ते म्हणतं, एकच समजा. त्याने आजीला बसवायचा मार्ग शोधता शोधता ती सूट वापरली. तुम्हाला तिसऱ्या गाडीत बसवलं आणि तुमचा दहा लाखावा भाग पहिल्या गाडीत ठेवला. मिशीच्या एका केसाचं टोक म्हणा. छापील यादीत ते टोक दिसत नाही, तिथे तुम्ही अख्खे तिसऱ्या गाडीतच दिसता.

आता तुमचं कुंपण बघा. एक कोटी गुणिले (एक वजा तुम्ही). तुम्ही पुरते एक असता तर उत्तर शून्य आलं असतं. पण केसाचं टोक बाहेर राहिलं, म्हणून कंसात दहा लाखावा भाग उरला. एक कोटीचा दहा लाखावा भाग म्हणजे दहा. म्हणजे यंत्राच्या मते तुमच्या गाडीत कैलाशमामांची दहा माणसं चालतील. ते सहाच आहेत. सगळे आरामात बसले.

तिथे सहा लिहिलं असतं तर त्या टोकातून कैलाशमामांच्या चपलेचा अंगठाही आत आला नसता. मामा, तुम्ही आकडा वाढवला म्हणून कुंपणाला भगदाड पडलं. साहेब म्हणाले होते तेच हे, मोठा आकडा पचत नाही. मी ऐकलं असून तुमच्या मानासाठी घातला, ही माझी चूक. मला माफ करा.

सोबत दुसरं चिकटवलेलं पाकीट आहे. सहाचा आकडा घालून काढलेली, बरोबर यादी. तीही वाचलेली नाही, पण तिच्यात तुम्ही दोघे वेगळे असाल आणि आजी घरी असेल, हे न वाचता सांगते. पहिली यादी चुकीची निघाली असं चार माणसांत सांगायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, आणि माझी सही हवी असेल तर मी देते. मी काहीच सुचवत नाही. फक्त लुगडं वाळलं असेल तर घडी घालून ठेवा.

तृप्ती

सिहोरा
१५ मे

चि. तृप्ती,

आधी पाया पडतो, आणि यावेळी खरोखर पडतो. तुला लबाड म्हटलं ते परत घेतो. कामामुळे तुला येता आलं नाही याचं सगळ्यांना वाईट वाटलं. चंदा म्हणाली की ज्या नणंदेने वरात बसवली तिला आधी भेटायचं आहे.

दुसरं पाकीट न फोडता ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून परत पाठवतो आहे. फोडायला दोनदा हातात घेतलं होतं. दोन्ही वेळा आई समोर बसून लुगड्याची घडी मोडून पुन्हा घालत होती.

वरात निघाली. मधल्या बाकावर आई, तिच्या उजवीकडे मी, डावीकडे कैलाश. भंडारा गेलं, लाखनी आली, आम्ही दोघे आपापल्या खिडकीतून बाहेर. मग कैलाश म्हणाला, "आई, भाऊले म्हण, काच लाव, धूळ येऊन राहिली." मी म्हटलं, "आई, त्याले सांग, काच लावली त सुशीलाले मळमळते." असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी आई म्हणाली, "तुमचे निरोप पोचवाले मी का पोस्टमन आहो?"

गाडी हसून फुटायची राहिली. सत्यभामा हसली, सुशीला पिशवी तोंडाशी धरून हसली, गाडीवाल्याने वेग कमी केला. मलाही हसू आलं. हसता हसता मी पलीकडे पाहिलं. एकटा कैलाश हसत नव्हता. तो मान खाली घालून स्वतःच्या हातांकडे बघत होता, आणि मला कळलं की ते आंबागडचं वाक्य त्यालाही नऊ वर्षं लागत होतं.

लग्न छान झालं. आईने चष्मा लावून सगळं पाहिलं आणि सगळ्याला नावं ठेवली.

गोंधळ परतताना झाला. जायची यादी आपण तीन महिने केली, पण यायची ना तुला सुचली, ना मला, ना तुझ्या त्या यंत्राला. जो तो दिसेल त्या गाडीत घुसला. आई नवऱ्या मुलीला घेऊन पहिल्या गाडीत बसली आणि मला म्हणाली की इथे जागा नाही. दुसरी भरली, तिसरी भरली. मी आहेराची पिशवी धरून उभा. चौथ्या गाडीत कैलाश दाराशी बसला होता. तो आत सरकला.

"भाऊ, बसा ना," तो म्हणाला. "त्या दिवशी सोयरे पाहून राहिले होते, वरात तुमाले सोडून आली याची मले शरम वाटत होती. काय बोलाव समजलं नाही, त हासलो. चुकलो मी."

नऊ वर्षं मी त्याच्या शंभर वाक्यांची उत्तरं पाठ करून ठेवली होती, पण हे त्यात नव्हतं. मी बसलो. लाखनीपासून भंडाऱ्यापर्यंत त्याच्या खांद्यावर झोपलो असं सूरज सांगतो. मी ते मान्य केलेलं नाही.

दिवेलागणीला गावात उतरलो. त्याच्या घराच्या वळणावर तो थांबला आणि म्हणाला, "सकाळी चाय प्याले येऊ का?"

मी म्हटलं, "ये."

नऊ वर्षांत त्याच्याशी सरळ बोललेला तो माझा पहिला शब्द. दुसऱ्या दिवशी तो सातला आला. मी साडेपाचपासून ओसरीवर बसलो होतो.

तुझा मामा
धनीराम